अडतिसावी जागा

"मोठ्या बाई, सोमवारी सकाळी तुमच्याही पोटात दुखतं का?"

प्रश्न विचारून झाला आणि भोंग्याने घट्ट डोळे मिटून घेतले. आता छत कोसळलं तरी डोळे उघडायचे नाहीत, असं तिने ठरवलं. छत कोसळलं नाही. पंखा तेवढा कुरकुरत राहिला, कुर्र-खट, कुर्र-खट, आणि प्रत्येक खटक्याला टेबलावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मान हलवत राहिला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. उंचीला त्या सहावीतल्या मुलीएवढ्या, पण व्हरांड्यातून चालू लागल्या की माणसं भिंतीला चिकटायची. त्यांना आजवर कुणी "बाई, बरं आहे ना?" एवढंही विचारलं नव्हतं. आणि ही थेट पोटापर्यंत पोचली.

"काय म्हणालीस?"

"पोट, बाई. सोमवारचं. सहज आपलं."

मोठ्या बाईंचा हात टेबलाच्या अर्धवट उघड्या खणाकडे गेला. खण धाडकन बंद झाला. पण त्याआधी आतली गुलाबी औषधाची बाटली भोंग्याला दिसायची ती दिसलीच.

"ज्यांचा अभ्यास झालेला नसतो त्यांच्या पोटात दुखतं," बाई म्हणाल्या. "तुझा झालाय ना? मग वर्गात जा. आणि जाताना त्या पडद्याखालच्या चार बुटांनाही घेऊन जा."

पडद्याखालच्या चार बुटांनी धूम ठोकली. ते जिन्याखाली सापडले, भोंग्याच्या दोन मैत्रिणींसकट. त्यातले दोन चकचकीत बूट चष्म्याचे होते आणि दोन होडीएवढे बूट लांबीचे.

"विचारलंस! बाई गं, खरंच विचारलंस!" चष्म्याचा चष्मा हसून हसून नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"पैज म्हणजे पैज," भोंगा म्हणाली. "आजपासून दोन आठवडे माझं दप्तर तुम्ही उचलायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत. आणि दप्तरात मी आज मुद्दाम शब्दकोश घातलाय."

पैज कशी लागली तेही सांगायला हवं. मधल्या सुट्टीत तिघी नळाशी उभ्या होत्या आणि चष्मा अगदी सहज, पाण्याचा घोट घेता घेता म्हणाली की, दर सोमवारी सकाळी तिला उलटी होते. भोंगा म्हणाली, मला उलटी नाही होत, पण पोटात कुणीतरी भोवरा फिरवतं. लांबीला काही सांगावंच लागलं नाही. तिचं त्यांना माहीतच होतं. गेले पाच सोमवार ती शाळेत आली नव्हती. मंगळवारी यायची, ठणठणीत. सोमवारी मात्र अंथरुणातून उठतच नसे. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि सांगितलं, काही नाही. यावर लांबीची आई म्हणाली होती, "काही नाही, तर मग हे काय आहे?" आता लांबीच्या आईने शेवटचं ठरवलं होतं. आणखी एक सोमवार बुडाला की या शाळेतून नाव काढायचं आणि लांबीला मावशीच्या गावच्या शाळेत घालायचं.

"मोठ्या माणसांना होत नसेल का गं असं?" भोंग्याने विचारलं होतं.

"विचार की मोठ्या बाईंनाच," चष्मा म्हणाली. "आहे हिंमत?"

हिंमत! दोन वर्षांपूर्वी कुणी हा शब्द भोंग्याला ऐकवला असता तर ती बाकाखाली शिरली असती. तेव्हा तिचं नाव भोंगा नव्हतं, मुंगी होतं. मुंगी सतराव्या बाकावर बसायची आणि हजेरीला "हजर" म्हणायची ते तिच्या शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. मग एकदा तापाची साथ आली, अर्धा वर्ग आजारी पडला आणि उरलेल्यांत मुंगी चक्क दुसरी आली. दुसरी म्हणजे पहिल्या बाकावर. आणि पहिल्या बाकाकडे असायचा माईक.

माईकचं असं होतं की, रोज सकाळी साडेसातला सगळ्या शाळेसाठी सूचना वाचायच्या. ग्रंथालय कधी उघडं, कुणाची पाण्याची बाटली सापडली, वगैरे. मुंगीने दोन्ही हातांनी माईक धरला, तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने समोरच्या खांबावरची कबुतरं उडाली. तिला वाटलं, हे कोण बोललं? वर्गात परतली तेव्हा ती भोंगा झाली होती. त्या माईकपायी तिने दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला. पहिल्या तीन बाकांच्या खाली कधी गेली नाही.

कारण त्या शाळेत बाक मार्कांवर मिळायचे. दर शुक्रवारी अर्ध्या तासाची परीक्षा, शनिवारी पेपर तपासून तयार आणि सोमवारी सकाळी वर्गाबाहेर यादी. खाली निळा गोल शिक्का आणि मोठ्या बाईंच्या टोकदार अक्षरात एक ओळ. "यादी अंतिम राहील. शंका विचारू नये." वर्गात मुलं सदतीस, बाक एकोणीस, आणि प्रत्येक जागेवर पांढऱ्या रंगात आकडा रंगवलेला. पहिले तीन बाक पंख्याखाली. एकोणिसावा बाक बादल्या आणि फडक्यांच्या कपाटाशेजारी. त्याचा एक पाय तोकडा, खाली पुठ्ठ्याची घडी. आणि सदतीस विषम पडत असल्यामुळे तिथे बसणाऱ्याला शेजार नसे. सदतीस नंबरच्या जागेवर एक जण, आणि बाजूची जागा मोकळी. तिच्यावर रंगाऱ्याने उगाच अडतीस लिहून ठेवलं होतं.

सदतीसवर वर्षभर लांबी बसत होती. लांबीला येत नव्हतं असं मुळीच नाही. ती जे लिहायची ते बरोबरच असायचं. फक्त ती तिसऱ्या प्रश्नावर पोचायची तेव्हा घंटा व्हायची.

*

शुक्रवारची परीक्षा झाली आणि शनिवारी गणिताच्या सरांनी भोंग्याला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "पहिली आलीस. एकटी. चष्म्याला मागे टाकलंस."

पहिली! दुसरी, तिसरी, चौथी ती आली होती. पहिली कधीच नाही. घरी जाऊन तिने ते सांगायचा अवकाश, बाबा उठले आणि चपला न घालताच जिना उतरले. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. शहरातल्या उंच उंच इमारतींच्या मोठ्या लिफ्ट ते दुरुस्त करायचे, पण त्यांना स्वतःला वर जायचं झालं तर सामानाच्या लिफ्टने. मोठ्या लिफ्टमध्ये म्हणे त्यांच्या हातांचे डाग लागतात. हे ते नेहमी हसत हसत सांगायचे आणि सांगून झालं की हात पुसायला फडकं शोधायचे. त्या शनिवारी त्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकही दार सोडलं नाही.

"आमची पहिली आली! एक नंबर! सोमवारपासून एक नंबरची जागा!"

"अहो, हळू. लोक काय म्हणतील?" आई म्हणाली खरी, पण तिनेही कपडे वाळत घालता घालता शेजारणीला ते दोनदा सांगितलं.

सोमवारी भोंगा नवी रिबीन लावून, दप्तर चष्म्याच्या खांद्यावर देऊन, ऐटीत तिसऱ्या मजल्यावर पोचली. यादीपुढे गर्दी होती, पण गर्दीतून आवाज येत नव्हता. भोंगा घुसली. एक नंबरला तिचं नाव नव्हतं.

एक नंबरला लांबीचं नाव होतं.

दोन नंबरला गोट्याचं, जो दर वेळी छत्तिसावा यायचा. भोंगा नजर खाली खाली नेत राहिली. पंधरा. बावीस. तीस. छत्तीस म्हणजे चष्मा. आणि अगदी तळाशी, शिक्क्याला टेकून, सदतीस नंबरवर ती स्वतः.

झालं होतं असं की, ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता. क्लार्ककाकांनी आयुष्यात पहिल्यांदाच यादी हाताने न लिहिता यंत्रावर काढली होती, आणि यंत्राने मार्क चढत्या क्रमाने लावले होते. सगळ्यात कमी वर, सगळ्यात जास्त खाली. क्लार्ककाकांनी न बघता ठप्पकन शिक्का मारला.

"काका, उलटी झालीय यादी!"

क्लार्ककाकांनी चहाची बशी खाली ठेवली. "यंत्र चुकत नाही."

"पण काका, गोट्या दुसरा?"

"आणि चुकलं तरी," क्लार्ककाका आवाज खाली आणून म्हणाले, "शिक्का बसलाय ना गं बाळा."

मोठ्या बाई आल्या. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मागच्याच महिन्यात एका मुलाचे वडील यादीत बदल करा म्हणून भांडायला आले होते, आणि त्यांना बाईंनी सगळ्या व्हरांड्यासमोर सुनावलं होतं की, आकाश खाली आलं तरी शिक्का बसलेली यादी आठवडाभर बदलत नाही. ते वडील नेमके त्याच वेळी मुलाला सोडायला आले होते. जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे होते. बघू तरी, अशा चेहऱ्याने.

"यादी अंतिम आहे," बाई म्हणाल्या. आवाज तोच होता, फक्त एक हात पोटावर गेला होता. "पुढच्या सोमवारपर्यंत. बसा आपापल्या जागेवर."

*

संध्याकाळी भोंगा लांबीच्या घरी गेली. लांबी अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून.

"लांबे, ऊठ. तू एक नंबरला आहेस."

"टिंगल करायला आलीस?"

"अगं, शिक्का बसलाय!" आणि भोंग्याने सगळी हकीकत सांगितली. क्लार्ककाकांची बशी, बाईंचा चष्मा, गोट्याचा चेहरा, सगळं अभिनयासकट. लांबी आधी भिंतीशीच हसली. मग वळली. मग उठून बसली आणि म्हणाली, "म्हणजे माईक माझ्याकडे?" लांबीच्या आईने दारातून हे पाहिलं आणि मावशीला करायचा फोन तेवढा आठवडा पुढे ढकलला.

मंगळवारी सकाळी साडेसातला शाळेने एक नवा आवाज ऐकला. गोट्या माईकसमोर नुसता खोकला. मग लांबीने वाचायला सुरुवात केली. सावकाश. प्रत्येक शब्द जमिनीवर नीट ठेवून मग पुढचा उचलायचा, असं. पहिलीतली पोरं, जी सूचना चालू असताना एकमेकांच्या वेण्या ओढायची, ती ऐकत बसली. कुणाची निळी बाटली सापडली हे त्या दिवशी पहिल्यांदा बाटली हरवलेल्यालाच कळलं.

वर्गातही गंमतच झाली. भूगोलाचे सर महिन्यापूर्वीच आलेले. ते मुलांना चेहऱ्याने नाही, जागेने ओळखायचे. एक नंबर म्हणजे हुशार, त्यांच्या लेखी विषय संपला. "एक नंबर, तू सांग. घाई नको. विचार करून सांग," असं ते लांबीला म्हणाले. घाई नको! हे दोन शब्द लांबीला त्या वर्गात कुणी कधी म्हटलेच नव्हते. तिने विचार केला, वेळ घेतला, आणि नदी वळण का घेते ते असं समजावून सांगितलं की सरांनी खडू खाली ठेवला.

भोंग्याने टाळ्या वाजवल्या.

"मागे काय गोंधळ आहे?" सर म्हणाले.

पहिल्या दिवशी भोंगा त्यावर हसली. दुसऱ्या दिवशी तिने उत्तर द्यायला हात वर केला. सर म्हणाले, "पाणी प्यायला जायचंय? जा." तिसऱ्या दिवशी तिने हात वर केला आणि डोकं खाजवायला नेल्यासारखा खाली आणला. बाक हलत होता. पुठ्ठ्याची घडी सारखी सरकायची. कपाटातून ओल्या फडक्यांचा वास यायचा आणि बाजूच्या मोकळ्या जागेवरचा अडतीसचा आकडा तिच्याकडे टक लावून बघायचा. एखादी गोष्ट कुजबुजायची म्हटलं तरी कुणाला कुजबुजणार? चष्म्याच्या पाठीला? बादलीला? गुरुवारी हजेरीत तिने "हजर" म्हटलं आणि सरांनी वर न बघता तिची गैरहजेरी लावली.

चार दिवस, फक्त चार दिवस. तिला येत होतं ते सगळं अजूनही येत होतं. तरी मुंगी परत आली होती.

"तुझ्या पोटाचं काय गं?" तिने मधल्या सुट्टीत चष्म्याला विचारलं.

"तेच सांगायचं होतं," चष्मा म्हणाली आणि इकडेतिकडे बघून तिने आवाज बारीक केला, जणू काही चोरी कबूल करतेय. "मी झोपतेय. रात्रभर. काल आईने हलवून उठवलं. तीन वर्षं झाली, मी पहिली येतेय आणि रोज झोपताना मोजतेय, कोण किती जवळ आलं. तू जवळ आलीस तेव्हा मी, खरं सांगू, तुला ताप यावा असं मनात म्हटलं होतं."

"चष्मे!"

"आता छत्तिसावर आहे. अजून किती खाली पडणार? सुटले बाई." ती खळखळून हसली. भोंग्याने तिला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ताप यावा म्हटल्याबद्दल तिला एक चिमटा काढला तो काढलाच.

म्हणजे पुढे बसून एकीला उलट्या, मागे बसून दुसरीला उठवेना, आणि मधे लोंबकळणाऱ्यांच्या पोटात भोवरे. पोटं वेगवेगळी होती, सोमवार एकच होता.

शुक्रवारी परीक्षा झाली नाही. ज्यांची मुलं वरून खाली आली होती ते सगळे पालक एकदम ऑफिसात आले. ज्यांची खालून वर गेली होती ते मात्र कुणी आले नाहीत. गलका इतका वाढला की मोठ्या बाईंनी परीक्षाच रद्द केली. सोमवारी मागचेच मार्क धरायचे, फक्त यादी सरळ करून लावायची. भोंगा एक नंबर. लांबी सदतीस.

"मी नाही येणार सोमवारी," लांबी घरी जाताना म्हणाली. भोंग्याचं दप्तर तिच्याच खांद्यावर होतं. "आईला सांगते मावशीला फोन कर. आधी बरी होते गं मी. म्हणजे, बरी नव्हते, पण सवय होती. आता माहीत झालं ना, तिकडून कसं दिसतं ते."

भोंग्याला एरवी प्रत्येक गोष्टीवर तीन उत्तरं सुचायची. तिने फक्त आपलं दप्तर परत घेतलं.

*

शनिवारी ती पुन्हा मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. या वेळी कुणी पैज लावली नव्हती आणि पडद्याखाली बूट नव्हते.

"बाई, माझा अभ्यास झालाय. तरी दुखतंय."

मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग खण उघडला आणि गुलाबी बाटली टेबलावर ठेवली. अर्धी रिकामी होती.

"बस," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी अकराला आमचीही यादी लागते. शाळांची. कोणती शाळा कितवी. त्याच क्रमाने बैठकीत खुर्च्या. आपण चौथे होतो, आता नववे आहोत. नवव्या खुर्चीपर्यंत चहा येतो तेव्हा तो गार झालेला असतो." त्या किंचित हसल्या. "आणि कुणी काही विचारत नाही. मी हात वर केला की त्यांना वाटतं, मला खिडकी लावून हवीय."

"मला पाणी प्यायला पाठवतात," भोंगा म्हणाली.

मग दोघींना एकाच वेळी हसू आलं, आणि मोठ्या बाई हसताना अगदी सहावीतल्या मुलीसारख्या दिसल्या.

"मग बाई, आपली यादी काढूनच टाका ना!"

"मी काढली तर वरचे मला काढतील. एवढं सोपं नसतं ते." बाईंचा आवाज परत टोकदार झाला, पण बाटली त्यांनी खणात ठेवली नाही.

भोंग्याने थोडा विचार केला. लांबीसारखा, सावकाश. "बाई, यादीत अडतीस नंबर असतो का?"

"मुलं सदतीस आहेत. अडतीस कुठून येणार?"

"म्हणजे अडतीस नंबरच्या जागेवर कुणी बसावं आणि कुणी बसू नये, याबद्दल यादी काहीच म्हणत नाही."

पंखा कुर्र-खट करत राहिला.

"शंका विचारू नये," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शंका नाही बाई. सांगून ठेवतेय."

"मग हेही ऐकून ठेव. पहिल्या बाकावर न बसणाऱ्याला माईक मिळत नाही. तो नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही."

माईक! भोंग्याने दप्तराचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला. "कळलं, बाई," ती म्हणाली, आणि ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

*

"तू? माईक सोडून? माझ्या शेजारी?" लांबीने तिला नखशिखांत न्याहाळलं. "कीव करून बसणार असशील तर नको."

"कीव कसली? त्या बादलीशी चार दिवस बोलून मला वेड लागायची पाळी आली होती. आणि भूगोल तू समजावायचास, गणित मी. तुझ्या 'घाई नको'ची मला फार गरज आहे गं."

लांबीने ओठ दाबून हसू दाबलं. "तुझे बाबा काय म्हणतील? साऱ्या इमारतीला सांगून बसलेत ते."

इथे मात्र भोंगा खाली वाकून बुटाची बांधलेलीच नाडी बांधू लागली.

"बघ. नाही ना सांगता येणार?" लांबी म्हणाली. "घरी सांगून दाखव. माझ्यासमोर. सांगितलंस तर सोमवारी मी साडेसातच्या आधी एकोणिसाव्या बाकावर. नाही सांगितलंस तर मी चालले मावशीकडे."

म्हणून रविवारी दुपारी भोंगा आपल्याच घरात, आपल्याच आईबाबांसमोर, परक्या ऑफिसात उभं राहावं तशी उभी होती. बाबा स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. त्यांनी एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत '१' काढला होता आणि त्याला जुन्या लिफ्टच्या पितळी पट्टीची चौकट केली होती. आई खिडकीशी डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसली होती. आई गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर विभागात होती. तिथे दर शनिवारी भिंतीवर तक्ता लागायचा. कुणी किती कॉलर शिवल्या, आणि सगळ्यात खालचं नाव लाल शाईने. आईचं नाव लाल कधीच नव्हतं. तरी तिचं डोकं शनिवारी जे धरायचं ते रविवारी संध्याकाळी सोडायचं.

"जरा सरळ आहे का बघ गं," बाबा म्हणाले.

"बाबा, खाली या. मला सांगायचंय."

"बोल की. भोंग्याला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

"आई, तुझ्या तक्त्यात लाल शाईचं नाव सध्या कुणाचं असतं?"

आईने डोळे उघडले. "शेवटच्या मशीनवरच्या मावशींचं. का?"

"जेवायच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी कोण बसतं?"

आईने डोक्याची ओढणी उगाच सोडली, परत बांधली. "कुणी नाही," ती शेवटी म्हणाली. "मीसुद्धा नाही. भीती वाटते गं. लाल शाई लागेल की काय, असं वाटतं."

"हे काय काढलंत मायलेकींनी?" बाबा हातोडी घेऊन खाली उतरले. "उद्या एक नंबरवर बसायचं आणि आज तोंड असं? दोन वर्षं मेहनत केलीस. कुणी फुकट दिलेलं नाही तुला."

"नाही ना दिलेलं. म्हणजे ते माझंच आहे. मग मी त्याचं काहीही करू शकते. बाबा, मोठी लिफ्ट तुम्ही दुरुस्त करता. तुम्ही सामानाच्या लिफ्टमध्ये असता तेव्हा एखादा साहेब तुमच्याबरोबर तिच्यात चढला, नुसता गप्पा मारत, तर?"

"तर लिफ्ट बंद पडेल धक्क्याने," बाबा म्हणाले. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, अंगठ्याने तळव्यावरचा काळा डाग चोळला आणि मग दाराकडे पाहिलं. दाराला पडदा होता. पडद्याखाली चार बूट होते. दोन चकचकीत, दोन होडीएवढे.

"ही कोण माणसं?" बाबांनी विचारलं.

"साक्षीदार," पडद्यामागून चष्मा म्हणाली, आणि तिला कुणीतरी कोपर मारल्याचा आवाज आला.

भोंग्याच्या पोटात भोवरा गरगरला, पडला, थांबला. तिने श्वास घेतला. मग दोन वर्षांत कमावलेला सगळा आवाज एकवटून, समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतील इतक्या जोरात तिने सांगून टाकलं:

"आई, बाबा, उद्यापासून मी अडतीस नंबरवर बसणार आहे. लांबीच्या शेजारी, एकोणिसाव्या बाकावर, वर्ष संपेपर्यंत. मार्क पहिल्या नंबरचेच आणीन, पण जागा तीच. माईक गेला तर जाऊ दे, आवाज माझ्याकडेच आहे. आणि बाबा, तो पुठ्ठा फेकू नका. त्याची घडी करून मला द्या, आमच्या बाकाचा एक पाय तोकडा आहे."